'राजा' कोण होता? घरातल्या साध्या वस्तू जमवणाऱ्या दिनकर केळकरांची गोष्ट

आपल्या साइटवर नेहमी नव्या वस्तूंची चर्चा असते. कुठला फोन आला, कितीला आला, घ्यावा की थांबावं. आजचा लेख मात्र जुन्या वस्तूंचा आहे, आणि त्या जमवण्यात अख्खं आयुष्य घालवलेल्या एका माणसाचा. पण सुरुवात फोनपासूनच करूया.

आयफोन १४ घ्या. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ ला सिमचा ट्रेच नाही, तिथे फक्त ई-सिम चालतं. भारतात विकलेल्या त्याच फोनमध्ये एक सिम कार्ड बसतं आणि सोबत ई-सिमही चालतं. चीनमधल्या मॉडेलमध्ये चक्क दोन सिम कार्डं बसतात. नाव एकच, दिसायलाही एकच, पण आतली रचना देशागणिक वेगळी. असं का? कारण यंत्र कारखान्यात बनत असलं, तरी ते कसं असावं हे वापरणाऱ्याचं घर, त्याच्या सवयी, तिथले नियम आणि तिथलं हवामान ठरवतं.

फोनच्या कितीतरी आधी हाच नियम व्हॅक्यूम क्लीनरला लागू होता. आणि त्याच्याही कितीतरी आधी समईला, कुलपाला आणि अडकित्त्याला. ही गोष्ट ज्या माणसाने ओळखली आणि वस्तू जमवून लोकांसमोर मांडली, त्यांचं नाव दिनकर गंगाधर केळकर. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्यांचंच काम.

केळकरांपर्यंत मी कसा पोचलो?

मी नागपूरचा. गेली काही वर्षं जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवतो. काही भंगारवाल्याकडून घेतलेले, काही ओळखीच्या लोकांच्या माळ्यावरून उतरवलेले. लोक हसतात, पण या मशीन शेजारी शेजारी ठेवल्या की मजा कळते.

अमेरिकन मशीन बहुतेक उभी असते. तळाला फिरणारा ब्रश आणि मागे लांब दांडा. तिथल्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असायचा, त्यात रुतलेली धूळ झटकून बाहेर काढायला फिरणारा ब्रश लागतो. जेम्स स्पँगलर नावाच्या अमेरिकन सफाई कामगाराने १९०८ मध्ये अशा मशीनचं पेटंट घेतलं आणि पुढे हूवर कंपनीने ती घराघरांत नेली.

युरोपातली मशीन बघा. जमिनीवर आडवं पडलेलं नळकांडं आणि त्याला लांब पाइप. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने १९२१ मध्ये असं मॉडेल आणलं, त्याला खाली घसरपट्ट्या होत्या. कडक फरशी, मधेमधे छोटे गालिचे, जिने, पडदे अशा घरात हे नळकांडं मागे ओढत नेणं सोपं पडतं. जपानी मशीन वजनाला हलकी आणि आकाराने लहान, कारण तिथली घरंच लहान.

आपल्याकडे १९८२ मध्ये युरेका फोर्ब्स सुरू झाली, तीही इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीत. म्हणून आपल्या घरांत आलेला व्हॅक्यूम क्लीनर अमेरिकन उभ्या मशीनसारखा नाही, युरोपियन आडव्या मशीनसारखा दिसतो. पण आपल्याकडे गालिचा कुठे होता? फरशीवर केरसुणी किंवा आमच्या विदर्भातला शिंदीचा फडाच लवकर काम उरकतो. मग लोकांनी मशीनला वेगळी कामं लावली. सोफा, गादी, खिडकीची जाळी, पंख्याची पाती. पाइप हवा फेकणाऱ्या बाजूला लावला की कोपऱ्यातली धूळ उडवता येते. नागपुरात तर उन्हाळ्याआधी कूलर काढला की तो साफ करायलाही लोक हेच मशीन वापरतात.

एवढं जमवल्यावर प्रश्न पडला, की घरातल्या वापराच्या वस्तू प्रदेशानुसार कशा बदलतात हे आपल्याकडे आधी कुणी नीट बघितलंय का? उत्तर शोधताना मी केळकरांच्या आयुष्यापाशी येऊन थांबलो.

चष्म्याचं दुकान आणि कवितेची वही

दिनकर केळकरांचा जन्म १८९६ चा. लोक त्यांना काकासाहेब केळकर म्हणत. पुण्यात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दुसरीकडे ते कविता लिहायचे, 'अज्ञातवासी' या टोपणनावाने.

इतिहासाची ओढ कवितेतही होती आणि मनातही. त्या काळी इतिहास म्हटलं की तलवारी, किल्ले, राजेरजवाडे. जुन्या वाड्यांत जाऊन अशा वस्तू बघणारे लोक होतेच. पण त्याच वाड्यांत स्वयंपाकघर होतं, माजघर होतं, देवघर होतं, न्हाणीघर होतं. तिथल्या वस्तूंकडे वळून बघायला फारसं कुणाला सुचत नव्हतं. केळकरांना सुचलं.

साधारण १९२० च्या सुमाराला त्यांनी जमवायला सुरुवात केली. पुढची चाळीसहून अधिक वर्षं ते जमवत राहिले. आधी पुणे आणि आसपास, मग महाराष्ट्र, मग गुजरात, राजस्थान, दक्षिण भारत. आज आपण घरबसल्या फोनवर सर्च करतो आणि वस्तू दारात येते. त्यांना गावोगाव फिरावं लागायचं, लोकांच्या घरी बसावं लागायचं. समोरच्या आजीबाईंना पटवावं लागायचं, की तुमच्या अडगळीतला हा गंजका तुकडा मला खरंच हवा आहे.

वेळ का महत्त्वाची होती?

हा सगळा काळ लक्षात घ्या. शहरांत वीज येत होती, त्यामुळे तेलाच्या दिव्यांचं काम संपत होतं. नळ आले, न्हाणीघरं बदलली. पुढे स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघाली. मोडीत घालणं म्हणजे धातूच्या वजनावर विकणं. तिथे भांड्याचा आकार, त्यावरची नक्षी, त्याचा वापर यांना काही किंमत नसते. किलोला किती, एवढाच हिशोब. दोनशे वर्षं जुना दिवा आणि फुटका तांब्या एकाच तराजूत.

एकदा भट्टीत वितळलं की संपलं. त्या वस्तूचा फोटो नाही, वर्णन नाही, ती कशी वापरायची हे सांगणारं माणूसही काही वर्षांत नाही. केळकरांची शर्यत या भट्टीशी होती. दुकानातून येणारा पैसा वस्तूंमध्ये जाऊ लागला. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. मध्यमवर्गीय घरात असा छंद म्हणजे काय ओझं असतं, हे सांगायला नको. वस्तू विकत घ्यायच्या, घासूनपुसून ठेवायच्या, आणि त्यांना जागा द्यायची म्हणून आपण अडचणीत राहायचं. हळूहळू राहतं घरच वस्तूंनी भरत गेलं.

एकच काम, पण रूपं अनेक

केळकरांच्या संग्रहाची खरी ताकद संख्येत आहे, पण ती वेगळ्या अर्थाने. त्यांनी एक दिवा, एक कुलूप, एक अडकित्ता घेऊन समाधान मानलं नाही. एकाच वस्तूची शक्य तितकी रूपं जमवली. म्हणून तुलना करता येते.

अडकित्ता घ्या. सुपारी कातरायचं हे साधं यंत्र म्हणजे शाळेत शिकलेली तरफ. टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये आणि हाताचा जोर दुसऱ्या टोकाला. त्यामुळे कमी जोरात कडक सुपारी फुटते. हे तत्त्व भारतभर सारखंच. पण मराठीत तो अडकित्ता, गुजरातेत सूडी, हिंदी पट्ट्यात सरौता. नावाबरोबर रूपही बदलतं. कुठे पोपट, कुठे घोडा, कुठे स्त्री-पुरुषाची जोडी, कुठे नुसती साधी लोखंडी पाती. तरफ तीच, डिझाइन त्या त्या भागातल्या कारागिराचं.

दिव्यांचंही तसंच. वात तेल वर ओढते आणि टोकाला जळते, एवढंच त्यामागचं विज्ञान. पण आपली समई बघा. मधे खांब, वर वातींसाठी चोची असलेली तबकडी, खाली रुंद बैठक. बैठक रुंद असल्याने समई सहज कलंडत नाही आणि ओघळलेलं तेल जमिनीवर न जाता तिथेच थांबतं. लामणदिवा साखळीने वर टांगलेला, त्यामुळे उजेड वरून पडतो आणि लहान मुलांचा हात पोचत नाही. केरळात निलविळक्कू नावाचा उभा पितळी दिवा, तर नेपाळच्या काठमांडू खोऱ्यात सुकुंदा, ज्याला तेल साठवायचं भांडं जोडलेलंच असतं. दिव्यांवर केळकरांचा एवढा अभ्यास झाला, की त्यांनी भारतातल्या दिव्यांवर 'लॅम्प्स ऑफ इंडिया' हे इंग्रजी पुस्तकच लिहिलं.

मला सगळ्यात जास्त आवडते ती वज्री. अंघोळीच्या वेळी टाचा घासायची ही पितळी वस्तू. खालची बाजू खरबरीत, म्हणजे काम करणारी. वरची बाजू पक्षी किंवा प्राण्याची, म्हणजे हातात धरायची. काही वज्रींच्या पोटात बारीक गोळ्या असतात, घासताना त्या वाजतात. टाचा घासायच्या वस्तूलाही आवाज असावा, हे कुणाला तरी सुचलं होतं! आज आपण की-बोर्डच्या टिकटिकीला आणि फोनच्या व्हायब्रेशनला हॅप्टिक फीडबॅक वगैरे म्हणतो. कल्पना तशी जुनीच आहे.

याशिवाय दौती, फण्या, कुलपं, हुक्के, पानाचे डबे, गंजिफाचे पत्ते, वाद्यं, कोरीव दारं आणि खिडक्या. बायकांच्या रोजच्या हाताळणीतल्या वस्तूंना त्यांनी तलवारींइतकाच मान दिला. त्या काळात हे फार वेगळं होतं.

'राजा' कोण?

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. पुण्यात येणाऱ्या बऱ्याच लोकांना वाटतं की राजा दिनकर केळकर म्हणजे कुणीतरी संस्थानिक, राजेसाहेब असतील. आत एवढ्या मौल्यवान वस्तू, म्हणजे मालक राजाच असणार.

पण ते नाव मराठी पद्धतीने वाचा. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. राजा, दिनकर, केळकर. राजा हे केळकरांच्या एकुलत्या एका मुलाचं नाव. तो वयाच्या सातव्या वर्षी गेला. इतक्या वर्षांच्या कष्टातून उभ्या राहिलेल्या संग्रहाला केळकरांनी स्वतःचं नाव दिलं नाही. मुलाचं पूर्ण नाव दिलं, जसं ते शाळेच्या वहीवर लिहिलं असतं तसं. स्वतःचं नाव मधे राहिलं ते फक्त बाप म्हणून.

हे कळल्यावर त्या पाटीकडे बघण्याची माझी नजरच बदलली. मुलगा मोठा झाला असता तर घरातल्या वस्तू त्याच्याकडे गेल्या असत्या, जशा सगळ्याच घरांत जातात. इथे त्या मुलाच्या नावाने सगळ्यांच्या झाल्या.

घराचं संग्रहालय

१९६२ मध्ये संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली. जागा पुण्यातल्या बाजीराव रोडजवळची, नातूबागेतली. पुढे केळकरांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारकडे सोपवला. विचार करा, बाजारात विकला असता तर किती पैसे आले असते. पण विकला असता तर एक दिवा एकीकडे, दुसरा दुसरीकडे गेला असता आणि तुलना करायची सोयच संपली असती. संग्रह एकत्र राहिला म्हणूनच तो बोलतो.

आज तिथे २०,००० च्या वर वस्तू आहेत. त्यातल्या साधारण २,५०० एका वेळी मांडलेल्या असतात, बाकीच्या जागेअभावी आत ठेवाव्या लागतात. थोरल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला जो महाल बांधला होता, त्याचे उरलेले भाग केळकरांनी आणले आणि संग्रहालयात 'मस्तानी महाल' पुन्हा उभा केला. हे मोठं आकर्षण आहेच. पण तुम्ही गेलात तर घाईने तिथेच जाऊ नका. अडकित्त्यांच्या आणि दिव्यांच्या कपाटांसमोर दहा मिनिटं थांबा.

पुणे विद्यापीठाने केळकरांना मानद डॉक्टरेट दिली, भारत सरकारने पद्मश्री दिली. १९९० मध्ये ते गेले, वयाच्या ९४ व्या वर्षी.

आपल्या काळाची मोड

आता मला जे वाटतं ते सांगतो. केळकरांच्या वेळी पितळ मोडीत जात होतं. आपल्या वेळी इलेक्ट्रॉनिक्स जातंय. पहिला रंगीत टीव्ही, टेपरेकॉर्डर, बटणांचा फोन, तो जड व्हॅक्यूम क्लीनर. भंगारवाला आला की किलोच्या भावाने सगळं जातं. तांब्याची तार काढली जाते आणि बाकीचा सांगाडा कचऱ्यात. नागपुरात उन्हाळ्यासाठी लोखंडी पत्र्याचा, गवताच्या ताट्या लावलेला भलामोठा डेझर्ट कूलर घराघरांत असायचा. कोरड्या हवेत पाणी पटापट उडतं म्हणून तो इथे भन्नाट चालतो. तोच मुंबईला नेला तर दमट हवेत नुसता चिकचिकाट. म्हणजे हा कूलर आमच्या हवामानाने घडवलेली वस्तू आहे. आता प्लास्टिकचे छोटे कूलर आणि एसी आले, जुना पत्र्याचा कूलर मोडीत. त्याचा फोटो तरी किती घरांत आहे?

सगळ्यांनी सगळं जमवावं असं अजिबात नाही. घरात जागा नसते, आणि तुटक्या बॅटऱ्या साठवून ठेवणं धोक्याचंही असतं. पण केळकरांना जे काम करायला आयुष्य लागलं, त्याचा एक छोटा भाग तुमच्या खिशातल्या फोनवर अर्ध्या तासात होतो.

१. जुनी वस्तू टाकण्याआधी तिचे चार बाजूंनी फोटो काढा.

२. मागची किंवा तळाची पाटी जवळून टिपा. त्यावर व्होल्ट, हर्ट्झ, वॅट आणि देशाचं नाव असतं. भारतासाठीच्या मशीनवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ सापडेल. अमेरिकन मशीनवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानी मशीनवर १०० व्होल्ट. यावरून वस्तूचं गाव कळतं.

३. १०० किंवा १२० व्होल्टची मशीन आपल्या सॉकेटमध्ये थेट कधीच लावू नका, मोटर जळेल. त्यासाठी व्होल्टेज कमी करणारा, पुरेशा वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागतो. जुन्या मशीनची वायर कडक होऊन चिरलेली असू शकते, म्हणून आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

४. जुन्या फोनची बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नका, टोचू नका. तो फोन ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या.

५. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती वस्तू वापरलेल्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करा. आजीला विचारा, हे कधी घेतलं, कुठून घेतलं, कोण वापरायचं, बिघडलं की कोण दुरुस्त करायचं. हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

मी आता माझ्या प्रत्येक व्हॅक्यूम क्लीनरला एक कागदी चिठ्ठी बांधतो. कुठल्या गावातून आला, कुठल्या प्रकारच्या घरात होता, त्याने काय साफ केलं जायचं. चिठ्ठी नसेल तर ते फक्त जुनं प्लास्टिक आणि तांबं. चिठ्ठी असेल तर एका घराची हकीकत.

पुण्याला जाणं झालं तर संग्रहालयात नक्की जा. सोबत कुणी विचारलं की हे राजेसाहेब कुठले, तर त्यांना सात वर्षांच्या राजाबद्दल सांगा. आणि हा लेख आवडला असेल तर तुमच्या घरच्या ग्रुपवर टाका. माळ्यावर काय पडलंय, हे घरातल्या मोठ्यांनाच जास्त माहीत असतं.